तांदूळभर डावीकडे

लोटनआप्पा रंगाऱ्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाने एक प्रश्न सोडून काहीही विचारावं. भाव विचारावा, पाणी मागावं, घटकाभर पाय पसरून बसावं, आप्पांची हरकत नसे. पण दोरीवर टांगलेल्या एखाद्या चित्राकडे बोट करून कुणी "हाई काय शे?" म्हणजे "हे काय आहे?" असं विचारलं की संपलं. आप्पा शांतपणे उठत, ते चित्र उतरवत, त्याची सुरळी करत, सुरळीला दोरा बांधत आणि म्हणत, "हाई हाईच शे. राम राम." मग दुकान त्या माणसापुरतं बंद.

एकदा मामलेदार कचेरीतल्या हेडक्लार्कांनी हा प्रश्न विचारला. चित्राची सुरळी झालेली पाहून ते लालबुंद झाले. म्हणाले, "मी कोण आहे, ठाऊक आहे का?"

"नही," आप्पा दोरा बांधता बांधता म्हणाले, "पन मी इचारं का?"

मुलांनो, हे सगळं आठवायला तुमचं परवाचं पत्र कारण झालं. तुम्ही तिकडे एका मोठ्या दुकानातून भिंतीवर लावायला छापील चित्र आणलंत, त्याचा फोटो पाठवलात. तीन पट्टे, एक लाल गोळा आणि कोपऱ्यात काहीतरी सांडल्यासारखं. खाली नीरजाने लिहिलंय, "आजी, हे कशाचं चित्र आहे ते विचारू नकोस, तुला कळायचं नाही. हे नवीन आहे." नीरजे, असली नवीन चित्रं मी तुझ्या बाबांच्या जन्माआधी नंदुरबारला स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाच वर्षं रोज पाहिली आहेत. आणि विचारायचं नसतं, हेही मला तिथेच शिकवलं गेलं. आता नीट बसा आणि ऐका.

तुमच्या आजोबांना नंदुरबारच्या शाळेत नोकरी लागली आणि लग्नाला चार महिने झाले असताना मी पुण्याहून तिथे गेले. तेव्हा तो मुलूख पश्चिम खानदेशात मोडत असे. मी कॉलेजात दोन वर्षं इंग्रजी कविता पाठ केलेली, आणि गल्लीतल्या बायका आपसात काय बोलतात त्यातलं मला निम्मं कळत नव्हतं. आजोबा म्हणाले, "शब्दांची वही कर." मी केली. त्या वहीतलं पहिलं पान लोटनआप्पांचं आहे, कारण आमच्या खिडकीसमोर त्यांचा कारखाना होता आणि ते दिवसभर स्वतःशीच बोलत.

कारखाना म्हणजे एक लांबलचक टेबल. त्यावर तरटाचे आणि जुन्या कापडाचे थर घातलेले, म्हणजे ठसा नीट उमटतो. आप्पा पिढीजात कापडावर छपाई करणारे. लाकडाचे ठसे स्वतः कोरत, रंगात बुडवत, कापडावर ठेवत आणि वरून मुठीने ठोकत. सकाळी सातला पहिला आवाज येई. ठप. मग पावलं वाजत. मग पुन्हा ठप.

ती मधली पावलं मला फार छळत. एका चित्राला दोन प्रकारचे ठसे लागतात. एक कडेच्या रेघेचा, दुसरा आत रंग भरण्याचा. आप्पा टेबलाच्या अलीकडे उभे राहून उजव्या मुठीने रेघेचा ठसा ठोकत. मग तो खाली ठेवून टेबलाला पूर्ण वळसा घालत, पलीकडे जाऊन उभे राहत आणि रंगाचा ठसा डाव्या मुठीने ठोकत. मग परत अलीकडे. एकेका चित्रापायी टेबलाला पाच-सहा प्रदक्षिणा होत. देवळातसुद्धा माणूस एवढ्या घालत नाही.

कुठलंही काम व्हावं तसं झालेलं पाहिलं नाही तर मला जेवण जात नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आठवडाभर मी गप्प बसले. मग खिडकीतूनच म्हटलं, "आप्पा, दोन्ही ठसे एकाच बाजूने ठोकलेत तर किती वेळ वाचेल!"

आप्पांनी मान वर केली. "मास्तरीनबाई," ते म्हणाले, "वाचेल वेळनं मी काय करू?"

घरात ते एकटे होते. बायको आम्ही येण्याच्या आधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. सकाळची भाकरी स्वतः थापत आणि तीच संध्याकाळी खात.

दिसायला आप्पा काडीसारखे. उजव्या हाताची नखं निळी, डाव्या हाताची लाल. पण धोतर आणि टोपी इतकी पांढरी की धोब्याने लाजावं. टोपीवर रंगाचा थेंब पडला तर त्या रंगाऱ्याने धंदा सोडून द्यावा, असं त्यांचं मत होतं. आणि त्यांची नजर! त्या नजरेने साऱ्या गल्लीला जीव नकोसा केला होता. कुठलीही वस्तू रेषेत नसली की आप्पांना शिंक यावी तसं व्हायचं. "तांदूळभर सरकनं!" असं ते म्हणत आणि उठून ती वस्तू सरळ करत. आमच्या घरी प्रथम आले तेव्हा बसायच्या आधी त्यांनी भिंतीवरची तसबीर सरळ केली. माझ्या रांगोळीतला एक ठिपका बोटाने पुसून शेजारी काढला. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना पुढे होऊन नवरदेवाचा पाट सरकवला, नवरदेवासकट. भटजी थांबले. आप्पा म्हणाले, "चालू द्या. आते बराबर शे."

तर असा हा माणूस. आणि याच माणसाच्या चित्रांत रंग रेघेच्या आत नीट बसलेला नसे. प्रत्येक चित्रात, प्रत्येक ठिकाणी, रंग रेघेपासून तांदूळभर डावीकडे गेलेला. डाव्या बाजूला रंग रेघेबाहेर डोकावतोय, उजव्या बाजूला पांढरी फट राहिलीय. साऱ्या गावाला सरळ करणाऱ्या माणसाला स्वतःच्या हातचं दिसू नये! मी मनात म्हटलं, बिचाऱ्याचे डोळे गेले. असं तोंडावर बोलू नये म्हणून मी सासऱ्यांचा जुना चष्मा त्यांना नेऊन दिला. आप्पांनी तो आदराने घेतला आणि माझ्या समाधानासाठी पुढचा महिनाभर कपाळावर लावून हिंडले.

आता ही चित्रं आली कुठून, ते सांगते. पूर्वी आप्पा लुगड्यांचे काठ छापत आणि तळोद्याच्या बाजाराला येणाऱ्या डोंगरातल्या बायकांच्या फडक्या छापत. फडकी म्हणजे डोक्यावरून घ्यायचं लाल छापील कापड. आप्पांचा मोर प्रसिद्ध होता. गेंदमलशेठ म्हणून मोठे कापडवाले मारवाडी होते, ते सगळा माल उचलत. मग रेल्वेने गिरणीचं छापील कापड यायला लागलं. एक दिवस शेठ येऊन म्हणाले, "आप्पा, अब मोर मुंबई से आता है. सस्ता भी है और धोने से उडता भी नहीं."

"ऱ्हाऊ द्या मंग," आप्पा म्हणाले.

त्यानंतर त्यांनी जे केलं त्याची गल्ली अजून गोष्ट सांगत असेल. त्यांनी ओट्यावर बसून, छिन्नी घेऊन, आपल्या साऱ्या ठशांवरचे मोर तासून टाकले. मोर, कैऱ्या, हत्ती, सगळे. लाकडाच्या भुग्यात बसलेले आप्पा पाहून म्हाताऱ्या बायका डोळे पुसू लागल्या. आठ दिवसांनी त्याच ठशांवर नव्या आकृत्या आल्या. पट्टे, गोल, थेंब, तिरप्या रेघा. कशाच्याही नाहीत. पहिल्यांदा त्यांनी त्या फडकीवर छापल्या. तळोद्याच्या बाजारात एका बाईने ती उलटून पालटून पाहिली आणि विचारलं, "याना मोर कथा गया?" म्हणजे "याचा मोर कुठे गेला?" फडकी परत आली. मग शेठकडे कापडाच्या गठ्ठ्यांना जाड कागद गुंडाळून येई, तो त्यांनी मागून आणला आणि कागदावर छापू लागले. भिंतीवर लावायला. भिंतीवर लोक तेव्हा देव लावत, फार तर राजा. पट्टे कोण लावणार?

मला वाटे, यांना कुणीतरी मार्गी लावलं पाहिजे. मी शाळेचं भूमितीचं पुस्तक नेऊन दाखवलं. आप्पा खुलले. "हाई शाळामा शिकाडतस?"

"हो. हा त्रिकोण. हा समांतरभुज चौकोन."

आप्पांचा चेहरा उतरला. पुस्तक मिटून परत दिलं. "याले बी नाव शे."

एकदा होळीला ते काठीला गेले. सातपुड्यातलं ते गाव, तिथल्या होळीला डोंगरातून माणसांचा पूर लोटतो. सोबत चित्रांची वळकटी नेली होती, ती तशीच परत आणली. पण स्वारी खुशीत. नाचणाऱ्या गड्यांनी अंगभर पांढरे ठिपके काढलेले असतात, ते पाहून आले होते. "आख्खा आंगवर ठिपका, मास्तरीनबाई! रातभर नाचनात. कोनी कोनले इचारं नही, हाई काय शे!"

"आणि तुमचं चित्र गेलं का एखादं?"

"मी वळकटी सोडीच नही. मी देखत बसनू."

त्या दिवशी त्यांनी मला मनातलं सांगितलं. "माले धा गिऱ्हाइक नको. एक पाहिजे. तो देखई, आनि इचारनार नही. तितलं व्हयनं म्हंजे जमनं."

पण ते एक गिऱ्हाइक काही येईना. तीन वर्षं झाली. गेंदमलशेठ मनाने चांगले होते. त्यांनी सुरतेला एका नातेवाइकाच्या छपाई कारखान्यात आप्पांसाठी जागा पाहिली. राहायला खोली, दोन वेळचं जेवण, आणि काम मोर कोरण्याचं. आप्पा महिनाभर नाही म्हणत राहिले. शेवटी त्यांनीच शब्द दिला. यंदा दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या जत्रेत दुकान लावतो. तिथे ते गिऱ्हाइक भेटलं तर ठीक. नाही तर छिन्नी घेऊन सुरतेला, आणि पुन्हा मोर.

हे कळल्यावर मला स्वस्थ बसवेना. मी विचार केला, लोकांना आपण काय विकत घेतोय ते कळत नाही, एवढीच अडचण आहे. ती मी दूर केली. जत्रेच्या आदल्या दिवशी आप्पा बाहेर गेले असताना मी छोट्या कागदी पट्ट्या कापल्या आणि सुवाच्य अक्षरात नावं लिहिली. लाल गोळ्याला 'सूर्योदय'. थेंबांना 'कमळ'. निळ्या पट्ट्यांना 'तापीचा पूर'. भाताच्या खळीने प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एकेक पट्टी चिकटवली. आप्पांना वाचता येत नव्हतं. त्यांनी विचारलं, "हाई काय लिखं?" मी म्हटलं, "गावाचं नाव. नंदुरबार." मुलांनो, मी आयुष्यात फार खोटं बोललेली नाही. हे बोलले, आणि अगदी सरळ चेहऱ्याने.

सारंगखेड्याला एकमुखी दत्ताचं देऊळ आहे आणि त्या जत्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. आम्हीही दर्शनाला निघालोच होतो. दोंडाईच्यापर्यंत रेल्वे, पुढे बैलगाडी, मग नावेतून तापीपार. आप्पा वळकटी मांडीवर घेऊन बसले होते, बाळाला घेऊन बसावं तसे.

घोडबाजाराच्या कडेला त्यांनी दोरी बांधली. आणि काय सांगू! अर्ध्या दिवसात नऊ चित्रं गेली. माणसं येत, वाकून पट्टी वाचत, "हां!" म्हणत आणि चित्र मागत. कुणी विचारीना. आप्पांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "देखा, मास्तरीनबाई? लोके शहाना व्हयनात!" मी मान हलवली आणि तुमच्या आजोबांकडे विजयाने पाहिलं. आजोबा घोड्याकडे पाहत होते. त्यांना माझा हा उद्योग मुळीच पसंत नव्हता.

दुपारी तापीकाठच्या एका गावचे पाटील परत आले. हातात 'सूर्योदय'. म्हणाले, "आप्पा, सूर्योदय झकास शे. पन आम्हना घरनं तोंड पश्चिमले शे. चालई ना?"

"कसाना सूर्योदय?"

"हाऊ काय! आठे लिखेल शे ना."

आप्पांनी चित्राकडे पाहिलं. मग दोरीवरच्या बाकीच्या चित्रांच्या कोपऱ्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. ती नजर मला अजून आठवते. त्यात राग असता तर बरं झालं असतं.

त्यांनी पाटलांना पैसे परत दिले, 'सूर्योदय' काढून घेतला आणि ते जत्रेत शिरले. टोपी सावरत, घोड्यांच्या पोटाखालून वाकत, दुकानादुकानांतून हिंडून त्यांनी विकलेली चित्रं गोळा केली. एक चित्र हलवायाने जिलबीच्या कढईमागे लावलं होतं, ते तेलकट डागासकट आणलं. एकाने द्यायला नकार दिला, त्याच्या दारात मांडी घालून बसले. नऊपैकी आठ आली. 'कमळ' घेतलेला माणूस नदीपार गेला होता. ते कमळ अजून कुणाच्या तरी ओसरीवर फुललेलं असेल.

मग ओल्या फडक्याने एकेक पट्टी भिजवून ते नखाने खरवडत बसले. माझ्याकडे पाठ करून. मी जवळ जाऊन उभी राहिले. एरवी माझ्यापाशी प्रत्येक गोष्टीचं स्पष्टीकरण असतं. त्या दिवशी ते बाजूला ठेवून मी फक्त म्हटलं, "आप्पा, चुकनं मन्हं."

ते पुढची पट्टी भिजवू लागले. उन्हं कलायला लागली. सुरतेच्या मोरांचा रस्ता मीच मोकळा करून दिला होता.

तेवढ्यात एक म्हातारा घोडेवाला समोर येऊन थांबला. काठेवाडाकडचा असावा. पांढऱ्या मिशा, खांद्यावर रुमाल, हातात एका अबलख घोडीचा लगाम. त्याला काही घ्यायचं नव्हतं. घोडीला पाणी दाखवायला चालला होता. पण दोरीवर टांगलेलं एक चित्र त्याने पाहिलं आणि तो थबकला. आधी समोरून पाहिलं. मग उकिडवा बसून खालून पाहिलं. मग दोन पावलं बाजूला होऊन तिरपं पाहिलं. घोडा पारखताना ही माणसं जशी पाहतात, अगदी तसंच. आप्पांनी सवयीने दोरा हातात घेतला होता. प्रश्न येणार, सुरळी होणार.

म्हातारा म्हणाला, "जोडी है."

आप्पांचा हात थांबला.

"दो साथ चलते हैं. एक जरा हटके चलता है, हमेशा एक ही बाजू." त्याने बोट न लावता रेघ आणि रंग यांच्यामधली फट हवेत दाखवली. "पुरानी जोडी है. आदत हो गई है."

आप्पांच्या हातातला दोरा गळून पडला.

म्हाताऱ्याने "क्या है" विचारलं नाही. त्याने खांद्यावरचा रुमाल काढला आणि हात पुढे केला. घोडबाजारात भाव तोंडाने करत नाहीत. रुमालाखाली हातात हात घेतात, बोटं दाबून आकडा सांगतात, दुसऱ्याला कळू देत नाहीत. आप्पांनी आपला निळ्या नखांचा हात त्या रुमालाखाली सरकवला. भोवती माणसं जमली. घोड्याच्या सौद्यालासुद्धा लागत नाही इतका वेळ त्या सौद्याला लागला. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते, दोघंही चित्राकडे बघत होते. शेवटी रुमाल बाजूला झाला, म्हाताऱ्याने चित्राची सुरळी खोगिराला बांधली आणि घोडीला घेऊन नदीकडे गेला.

"किती मिळाले?" मी न राहवून विचारलं. सगळं मागचं विसरून. स्वभाव!

"रुमालखालनं रुमालखाले," आप्पा म्हणाले. पण माझ्याशी बोलले.

परतताना नावेत ते माझ्या समोर बसले होते. पाण्याकडे बघत बोलू लागले. त्यांच्या भाषेतच लिहिते, माझ्या वहीत ते तसंच आहे.

"मन्ही बायको गजरा डावखुरी व्हती. मी अलीकडथीन रेघ ठोकू, ती पलीकडथीन रंग ठोके. रोज तांदूळभर डावीकडे. वीस वरीस मी तिन्हावर खेकसनू. सरकनं, सरकनं, सरकनं! ती काय म्हने, माहीत शे? तुम्हनी रेघच सरकनी."

ते हसले. मग मांडीवरची वळकटी सरळ केली.

"ती गयी. मंग मी दोन्ही ठोकं. तं सगळं बराबर बठनं. एकदम बराबर. माले ते देखवेना. मंग मी तिन्हा जागावर जाईसन उभा ऱ्हायनू, डावा हातघाई ठोकं. तवय थोडंसं तिन्हासारखं उनं."

"पण मोर का तासले, आप्पा?"

"मोर काढा तं लोके मोरले देखतस. म्हनतस, मोर चांगला शे, रंग जरा चुकना. चुकना!" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काहीच काढं नही तं मंग एकच गोट दिसस. दोन हात शेतस. दुसरा जरा बाजूले शे."

तुमचे आजोबा नदीकडे तोंड करून बसले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मला खूप दिवसांनी माझ्या सासऱ्यांच्या चष्म्याची आठवण झाली आणि लाज वाटली.

आप्पा सुरतेला गेले नाहीत. गेंदमलशेठ विचारायला आले, "बिका?" तर "बिकनं," एवढंच म्हणाले. त्यानंतर आणखी चित्रं विकली गेली म्हणावं, तर नाही. "हाई काय शे" विचारणाऱ्यांची सुरळी होतच राहिली. पण आप्पांना आता घाई नव्हती. आणि खिडकीत मी भाजी चिरत असले की पहिल्या ठप नंतर माझी विळी आपोआप थांबे. पावलं पूर्ण वळसा घेत, दुसरा ठप होई, मग मी पुढची फोड करी. भाजीला उशीर व्हायचा. तुमचे आजोबा कधी तक्रार करत नसत.

दोन वर्षांनी आजोबांची बदली झाली. सामान बांधून झालं होतं, प्रत्येक पेटीवर मी यादी चिकटवली होती. आप्पांनी मला कारखान्यात बोलावलं. टेबलावर कोरा कागद. त्यांनी अलीकडून रेघेचा ठसा ठोकला. एक मोठा चौकोन, त्यात एक लहान. मग रंगाचा ठसा उचलून त्यांनी माझ्यापुढे धरला आणि टेबलाच्या पलीकडे बोट दाखवलं.

"मास्तरीनबाई, आते तुम्ही ठोका."

मी वळसा घालून तिथे गेले. फरशी त्या एका जागी जरा खोल गेली होती. वर्षानुवर्षं कुणी उभं राहिलं की जाते तशी. मी ठसा धरला. चुकायला नको, एवढंच मनात होतं. मी डोळे बारीक केले, कड कडेला लावली, श्वास रोखला आणि मूठ मारली.

ठसा उचलला. रंग रेघेत इतका चोख बसला होता की केस शिरायला जागा नव्हती.

आप्पांनी वाकून पाहिलं. वर पाहिलं. आणि मुलांनो, तो माणूस पोट धरून हसला. पाच वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"बराबर उनं!" ते डोळे पुसत म्हणाले. "वाया गयं!"

तेच चित्र त्यांनी मला दिलं. माझ्या कपाटाशेजारी लावलेलं असतं, तुम्ही लहानपणी पाहिलंय. माझ्या घरातली प्रत्येक बरणी, प्रत्येक फाइल, प्रत्येक किल्ली नाव लिहिलेली आहे, त्यावरून तुम्ही माझी थट्टा करता. त्या चित्राच्या मागे काही लिहिलेलं नाही. लोटनआप्पांच्या हातून सुटलेलं ते एकमेव सरळ चित्र, आणि ते माझ्यामुळे सरळ. इतक्या वर्षांत मी कितीदा तरी त्याच्यासमोर उभी राहून स्वतःला म्हटलंय, अगं, तेवढा एक हात तरी जरासा हलू द्यायचास.

तुमच्या भिंतीवरच्या त्या चित्रात रंग रेघेत बसलाय की नाही, ते मात्र नीट बघून कळवा. फोटोत मला दिसत नाही.

निघायच्या दिवशी टांगा दाराशी आला. आप्पा निरोप द्यायला बाहेर आले नाहीत. टांगेवाल्याने लगाम ओढला तेव्हा कारखान्यातून आवाज आला. ठप. मग पावलं. मी आजोबांना म्हटलं, "थांबा जरा." पण घोडा निघाला होता. पावलं टेबलाच्या टोकाला पोचली असतील, वळली असतील, तोवर आम्ही गल्लीचं वळण घेतलं होतं.